उशीचा प्रसंग

निबंधाच्या सुरुवातीला प्रसंग टाकायचा असतो. व्याख्या नाही, सुविचार नाही, आकडे तर मुळीच नाहीत. तपासणाऱ्यासमोर पेपरांचा ढीग असतो. त्याला आधी एक माणूस दाखवायचा आणि मग मुद्द्यांकडे वळायचं. हे आमच्या क्लासचे सर सांगायचे. आता मी सांगते, कारण वर्ध्यातल्या एका क्लासमध्ये सध्या मीच निबंध शिकवते. ज्या पेपरानं मला गावी परत पाठवलं, त्याच पेपरानं पुन्हा इथं आणून बसवलं. पोट भरतं, तक्रार नाही. पण 'प्रसंग' हा शब्द फळ्यावर लिहिताना अजूनही माझं डोकं फिरतं.

तेव्हा मी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतली सगळ्यांत जुनी मुलगी होते. मुलगी आपलं म्हणायचं. नवी पोरंपोरी मला ताई म्हणत आणि पंख्याखालची खुर्ची न मागता सोडत. सकाळी सावंगीला दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायचं, दुपारी ऑटोनं वर्ध्याला येऊन अभ्यासिकेत शिरायचं, असं करत वर्षं गेली होती. पूर्वपरीक्षा पास व्हायचे आणि मुख्य परीक्षेत अडकायचे. त्या वर्षीची मुख्य परीक्षा माझी शेवटची होती, पुढच्या वर्षी वयाच्या अटीत बसत नव्हते. अधिकारी झाले तर झाले, नाही तर पुस्तकं बांधून गावी, तळेगावला परत, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक होतं. आईला तर इतकं ठाऊक होतं की ती फोनवर अभ्यासाचं विचारायचीच नाही. जेवलीस काय, एवढंच विचारायची.

दर रविवारी सरांसमोर आम्ही घड्याळ लावून निबंध लिहायचो. पेपरात तीन तासांत दोन निबंध, म्हणजे विचार करत बसलात की मेलात. हात चालला पाहिजे, डोकं मागून येईल, असं सर म्हणत. लिहून झालं की वह्या अदलाबदल करायच्या, एकमेकांचं वाचायचं, आणि सगळ्यांना आवडलेली सुरुवात किंवा शेवट 'कॉमन' करायचा. कॉमन करायचं म्हणजे झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटायचं आणि सगळ्यांनी पाठ करायचं. ही आमच्या अभ्यासिकेची रीतच होती. नकाशे कॉमन, योजनांचे तक्ते कॉमन, घटनेची कलमं कॉमन. एकट्यानं धरून ठेवणाऱ्याला पोट्टे तोंडावर कंजूस म्हणत. निबंध तेवढा ज्याचा त्यानं ठेवावा, हे इतक्या हुशार माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

एका रविवारी बाईच्या कष्टांवर विषय निघाला. मला काही सुचेना, घड्याळ चाललं होतं, म्हणून नाइलाजानं मी आईचं लिहिलं. कापसाच्या हंगामात आई जिनिंगमध्ये कामाला जायची, जिथं मशीनवर कापसातली सरकी वेगळी काढतात. संध्याकाळी परतायची ती डोक्यापासून पांढरी होऊन. केसांत, भुवयांत, कानांत रुई. बाबांना दमा, म्हणून ती तशी घरात पाऊल टाकायची नाही. अंगणात बाजेवर बसायची आणि मी फणीनं तिचे केस विंचरायचे. फणीला आलेली रुई तिनं कधी फेकू दिली नाही. एका डब्यात साठवत गेली, आणि काही हंगामांनंतर जुन्या परकराची खोळ शिवून त्या रुईची एक लहानशी उशी केली. ती उशी मी वर्ध्याच्या खोलीवर आणली होती. कितीही उन्हात टाकली तरी तिला खोबरेल तेलाचा वास यायचा.

सरांनी ते वाचलं आणि खुर्चीतून उठलेच. "हे सोनं आहे," म्हणाले. मग त्यांनी त्या सोन्याला ठोकून घडवलं. मी 'माय' लिहिलं होतं, त्याची 'आई' केली. बाबांचा दमा काढला, कारण एका परिच्छेदात दोन दुःखं मावत नाहीत. शेवट गोड हवा म्हणून एक ओळ घालायला सांगितली. मी तिथंच बसून घातली: 'मी केस विंचरत असताना आई डोळे मिटून हसायची.' वाचून मलाही बरं वाटलं.

यवतमाळकडचा एक मुलगा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. वसतिगृहांत वाढलेला, कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वह्या परत करताना तो माझ्यापाशी थांबला.

"ताई, मी घरच्यांचं काय लिहू? मले तं मायच आठवत नाई. रांगत होतो तवाच गेली." मग जरा खाली बघून म्हणाला, "तुमच्या आईचा प्रसंग मी घेऊ काय?"

"घे ना बाप्पा. त्यात काय इचारून राह्यला?"

मला खरोखर आनंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी कॉमन होत होतं. संध्याकाळपर्यंत झेरॉक्स निघाली आणि आईची उशी सगळ्यांची झाली.

पुढचे दोनेक महिने ती उशी आम्ही कुठं कुठं कोंबली! स्त्रीशक्तीवर विषय आला की उशी. ग्रामोद्योगावर आला की उशी. पर्यावरण आलं तरी उशीच, कारण टाकाऊतून टिकाऊ. घड्याळ लावलं की सगळ्या खोलीत एकदम पेन सुरू व्हायची आणि मला माहीत असायचं की या क्षणी निम्मे जण माझ्या अंगणात बसलेत. मीही घोकायचे. माझ्याच आईबद्दलचा परिच्छेद मी चुकू नये म्हणून घोकायचे, कारण स्वतःच्या शब्दांत सांगायला गेलं की वेळ जास्त लागायचा.

परीक्षेचं केंद्र नागपूरला होतं. सकाळच्या गाडीत शेजारी एक अनोळखी मुलगी बसली, बुटीबोरीकडे नातेवाइकांकडे राहून अभ्यास करणारी. मांडीवर कागद, ओठ हलत होते. मी सहज कान दिला. 'माझी आई जिनिंगमध्ये कामाला जायची. संध्याकाळी ती परतायची तेव्हा…'

मी तिच्याकडे वळले. "हे कुठून मिळालं तुले?"

"ग्रुपवर आलं होतं ताई, सगळ्याकडंच हाये." तिनं कागद माझ्याकडे सरकवला. "तुम्हीबी वाचून घ्या ना. छोटासा हाये, कुठंबी बसते." आणि मग, "भारी लिहिलं हाये ना? मले तं रडूच आलं."

मी कागद हातात घेतला आणि वाचल्यासारखं केलं. नागपूर येईपर्यंत परत दिला नाही. तिनंही मागितला नाही, तिला पाठ होता.

पेपर हातात आला. पहिला निबंध शेतीच्या पाण्यावर होता, तो मी लिहून काढला. दुसरा विषय वाचला आणि हसावं की रडावं कळेना: घरातले आणि घराबाहेरचे स्त्रीचे श्रम. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, तो विषय माझ्या शेवटच्या पेपरात, माझ्याच आईचं नाव घेऊन आल्यासारखा. पुढच्या बाकावर तो यवतमाळकडचा मुलगा होता. त्यानं मान किंचित वळवली, हसला, आणि झपाझप लिहायला लागला. काय लिहितोय ते मला त्याच्या पाठीवरून वाचता येत होतं.

मी पहिलं वाक्य लिहिलं. माझी आई जिनिंगमध्ये कामाला जायची. आणि हात थांबला. या गठ्ठ्यात अशा किती आया असतील? तपासणारा एकीला मानेल, दुसरीला हसेल, तिसरीला काट मारेल. माझी कितवी? खरी माझी होती, पण ते कागदावर कुठं लिहून दाखवायचं? मी ते वाक्य खोडलं.

मग मी दुसरा प्रसंग शोधायला लागले. मावशी आठवली, शेजारची काकू आठवली, दवाखान्यात माझ्या खिडकीशी ताटकळणाऱ्या बाया आठवल्या. कुणाचंही बोट धरलं तरी दोन ओळींत ती बाई अंगणात बाजेवर येऊन बसायची आणि केस सोडायची. आईचंच दुसरं काही तरी लिहावं म्हटलं. ती स्वयंपाक करताना काय पुटपुटते, तिला कशाचा राग येतो, ती माझ्यावर शेवटची कधी चिडली होती. काही म्हणजे काही येईना. त्या झेरॉक्सच्या बाहेरची आई मला सापडेना. पर्यवेक्षिका म्हणाल्या शेवटचा अर्धा तास, आणि माझ्यासमोर एक खोडलेलं वाक्य होतं.

शेवटी लिहिलं ते असं: स्त्री हा समाजाचा कणा आहे. तिच्या श्रमांचं मोल कुणी करत नाही. अशी पानभर कोरडी वाक्यं, ज्यांच्यावर मी रविवारी लाल रेघा मारत आले होते. समारोपाला वेळ उरला नाही. पेपर ओढून नेला तेव्हा वाक्य अर्धं होतं.

बाहेर पायऱ्यांवर तो मला शोधतच आला. चेहरा फुललेला. "ताई, आला की नाई आपला प्रसंग!"

आपला. मी म्हटलं, "हो रे, आला."

निकाल लागला. तो यादीत होता. मी नव्हते, आणि नव्हते ती निबंधाच्या मार्कांनी. बाकीच्या पेपरांत मी त्याच्या बरोबरीनं होते. त्याला निबंधात चांगले मार्क पडले होते. म्हणजे तपासणाऱ्याला त्या आयांशी काहीच वाकडं नव्हतं. किंवा त्याच्या गठ्ठ्यात ती एकच आली असेल. मी कितीतरी दिवस याच्यावर डोकं आपटलं आणि मग सोडून दिलं, कारण कसंही असलं तरी माझ्या हातात काही येणार नव्हतं.

खोली सोडायची म्हणून आई एसटीनं तळेगावहून आली. भांडी बांधली, पुस्तकं पोत्यात भरली, उशी तिनं स्वतःच्या पिशवीत घातली. तोवर तो मुलगा मुलाखतही पार करून अधिकारी झाला होता; त्याच दिवशी अभ्यासिकेनं त्याचा सत्कार ठेवला होता आणि मला निमंत्रण होतं. मी जाणार नव्हते. आई म्हणाली, "काऊन नाई जात? आपल्या संगचा पोरगा हाये. जेवणबी असन." म्हणून गेलो.

शाल, नारळ झालं. तो बोलायला उभा राहिला. आभार मानले, सरांचं नाव घेतलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझी आई जिनिंगमध्ये कामाला जायची." मला वाटलं आता तो माझ्याकडे बघेल. त्यानं बघितलं नाही. तो खोटं बोलतोय असंही वाटत नव्हतं, हे सगळ्यांत वाईट. इतक्या वेळा लिहून, मुलाखतीत सांगून, त्याला ती आई खरंच मिळाली होती. मांडीवर बोटं फिरवत, फणी धरल्यासारखी, तो सांगत होता. पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसायला लागल्या. 'मी केस विंचरत असताना आई डोळे मिटून हसायची,' तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

आईही टाळ्या वाजवत होती. माझ्याकडे झुकून म्हणाली, "याच्याबी मायनं उशी केली होती काय वं? मले वाटे असं येडं काम म्याच केलं." जरा वेळ पिशवीवर हात ठेवून बसली. "कुठं हाये त्याची माय?"

"गेली. लहानपणीच."

"बिचारी." मग तिला हसू आलं. "पण हासे म्हणते! दिवसभर मशीनवर उभं राहून आल्यावर कोन हासन बाप्पा? तू तं असे केस ओढे का मी तुले चापटाच देओ. मंग तू रडे, अन रडत रडत विंचरे. आठवते काय तुले?"

मी आठवून पाहिलं. अंगण दिसलं, बाज दिसली, हातातली फणी दिसली. चापट कुठंच नव्हती. आई डोळे मिटून हसत होती.

"आठवते ना," मी म्हटलं.