आत्याला हवं होतं ते कॉलेज

आत्या गेली हे मला दोन तास उशिरा कळलं. मी परीक्षेच्या पर्यवेक्षणाला होते, आणि तेव्हा आमचे फोन बाहेरच्या कपाटात ठेवून घेतात. पेपर गोळा करून, मोजून, गठ्ठा बांधून बाहेर आले तर बाबांचे सहा मिस्ड कॉल. उलट फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ताई गेली गं... चहा ठेवला व्हता तिनं." चहा उकळायच्या आत ती ओट्याशी खाली बसली आणि कर्जतच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याला आता महिना होत आला. विहारात पुण्यानुमोदनाचा विधी झाला, माणसं आली, गेली, मीही पुन्हा तासांना जायला लागले. थकवा तेवढा जात नाही. आणि आत्याची आठवण काढायला बसलं की मन दर वेळी त्या एकाच उन्हाळ्यापाशी जाऊन अडतं. माझी बारावी झाली होती आणि पुढं कुठल्या कॉलेजात जायचं यावरून आम्ही दोघी जवळजवळ तुटलो होतो.

सुगंधाआत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. भिवपुरीजवळच्या आमच्या गावात, आमच्याच घरात राहिली. खालापूर तालुक्यात ती आरोग्यसेविका होती. लसींचा डबा खांद्याला अडकवून घाटाखालच्या वाड्या पायी फिरायची, आणि उरलेला वेळ कुठल्या ना कुठल्या खिडकीसमोर उभी असायची... कधी पगाराच्या, कधी बदलीच्या, कधी दुसऱ्या कुणाच्या दाखल्यासाठी. बाबा टेंपो चालवायचे. आई मी लहान असतानाच गेली. त्यामुळं माझ्या शिक्षणाचं जे काही ठरायचं ते आत्या ठरवायची. तिला स्वतःला पदवी घ्यायची होती. पण जिथं फी नव्हती आणि राहायची सोय होती तिथं, आरोग्यसेविकेच्या प्रशिक्षणाला, तिला घालण्यात आलं. याबद्दल ती फारसं बोलायची नाही. एकदाच म्हणाली होती, "आमाला कुनी इचारलंच नाय, काय पायजे म्हून."

मला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक मुंबईतलं सरकारी कॉलेज, राज्याच्या विद्यापीठाचं. तिथं आमची शिष्यवृत्ती चालणार होती. दुसरं पुण्याच्या वाटेवरचं खासगी विद्यापीठ, तिथं तसली कुठलीच सवलत नव्हती. आत्या म्हणाली, दोन्ही बघून येऊ. आधी खासगीत गेलो. काचेची दारं, थंडगार खोली, कोट घातलेली एक तरुण मुलगी. तिनं आत्याला बसायला खुर्ची दिली, ट्रेमधून पाणी आणलं आणि म्हणाली, "मॅडम, आधी सरबत घेता की आधी कॅम्पस बघता?" परत येताना खालापूरच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. तिथं ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला मॅडम म्हनली गं." ती हसत नव्हती. तेव्हा मला त्यातलं फार काही कळलं नाही. ती मुलगी दिवसभर येईल त्याला असंच म्हणत असणार, एवढंच मला दिसलं होतं.

सरकारी कॉलेजात खिडकीसमोर रांग होती. आमचा नंबर येईतो दोन तास गेले. मग खिडकीमागच्या गृहस्थांनी एका कागदावर सही नाही म्हणून सगळे कागद परत सरकवले आणि जेवायला निघून गेले. आत्याचे पाय सुजले होते. भिंतीला टेकून ती उभी राहिली. मी संडास शोधायला आत गेले. दाराची कडी तुटलेली होती. बाहेर उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "जा तू, मी दार धरते." माझं झाल्यावर मी तिच्यासाठी धरलं. दाराच्या दोन बाजूंनी आम्ही बोललो. ती रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. म्हणाली, "कडी दोन वर्षं तुटलीय. निकाल वेळेवर लागत नाहीत. पण आमच्या एक मॅडम आहेत, संध्याकाळी सातपर्यंत प्रयोगशाळा उघडी ठेवतात. काय करायचं ते करू देतात. चुकलं तरी." मी बाहेर आले तेव्हा माझं ठरलेलं होतं. आत्याला मात्र यातलं काहीच सांगितलं नाही. संडासाच्या दारात आयुष्याचा निर्णय घेतला, हे सांगायची लाज वाटली असावी.

रात्री जेवताना मी म्हटलं, मी सरकारीतच जाणार. आत्यानं तोवर फंडातून रक्कम काढण्याचा अर्जही लिहून ठेवला होता. ती घास हातात धरून म्हणाली, "माजे पैशे वाचवतीस काय?" मी नाही म्हटलं. ते खोटं होतं, निदान निम्मं. मग ती जे बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आमी जल्मभर फुकटातलं घेतलं. फुकटातलं घेनाऱ्याला कुनी बस म्हनत नाय गं. तू तरी बसशील अशा जागी जा." मी तिला म्हटलं, महाग आहे म्हणून ते चांगलं असेल असं नाही. त्यावर ती उठली, हात धुतले आणि आत गेली. ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली. प्रवेश घ्यायला माझ्याबरोबर बाबा आले. दिवाळीपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पुढची वर्षं कशी गेली हे खरं खरं लिहायला हवं. त्या मॅडम होत्या, आणि त्या मुलीनं सांगितलं होतं तशाच होत्या. मला जे येतं ते त्यांच्यामुळं. पण निकाल खरोखरच उशिरा लागले. एका सत्राच्या गुणपत्रिकेवर प्रात्यक्षिकाचे गुण चढलेच नाहीत, आणि ते चढेपर्यंत हाताशी आलेली एक नोकरी गेली. तेव्हा परीक्षा विभागात माझ्याबरोबर चार खेपा आत्यानंच घातल्या. "मी सांगितलं व्हतं" असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं... माझ्या बारावीच्या वर्गातली स्नेहल त्या खासगी विद्यापीठात गेली होती. तिचं चांगलं झालं. शिकता शिकताच पुण्यात नोकरी लागली. एकदा गावात आली तेव्हा आत्यानं तिला बोलावून चहा दिला, सगळं विचारलं. ती गेल्यावर कप विसळत बराच वेळ मोरीशी उभी राहिली. मी आज एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जेवढे तास घेते तेवढेच पैसे, आणि दर जूनला नवं पत्र. तिचं बरोबर होतं की माझं, हे आम्हा दोघींनाही कधी धड म्हणता आलं नाही.

शेवटची भेट ती जाण्याच्या तीनेक आठवडे आधीची. रविवार होता म्हणून मी गावी आले होते. ती मागच्या पडवीत गुडघ्याला तेल लावत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "त्या टायमाला त्या म्हागाच्या कालेजाला तू पैशासाठी नाय म्हनलीस ना?"

मी तिच्याजवळ बसले आणि ती तुटलेली कडी, ती मुलगी, ते सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "येवडं सांगाया येवडी वर्सं लावलीस." आणि थोड्या वेळानं, "आन पैशाचं?"

"तेही होतं गं. निम्मं."

"मंग हाय ठीक. निम्मं तर निम्मं." ती पुन्हा तेल चोळायला लागली.

पुण्यानुमोदनानंतर आठवड्यानं ठाकुरवाडीच्या बाजूच्या एका वाडीवरून एक बाई आपल्या मुलीला घेऊन घरी आल्या. आत्या गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मुलीची बारावी झाली होती, आणि आत्यानं त्यांना दोन कॉलेजं दाखवायचं कबूल केलं होतं. एक सरकारी, एक खासगी. ऐकल्यावर बाई उंबऱ्यावरच बसल्या. मग त्यांनी मला विचारलं, कुठं घालू हिला? मी शिकवायला उभी राहिल्यासारखी बोलायला लागले, आणि दोन वाक्यांत थांबले. म्हटलं, आत्या महागातलं म्हणाली असती, मी साधं घेतलं.

"पस्तावलात का, मॅडम?" बाईंनी विचारलं.

"काही दिवस. सगळे दिवस नाही," मी म्हटलं. आणि मुलीला विचारलं की तिला काय वाटतं. तिनं आईकडं बघितलं आणि म्हणाली, "बगल्यावर सांगन."

उद्या आम्ही तिघी जाणार आहोत. माझे दोन तास बुडतील. आत्याच्या खोलीत दाराशी खुंटीला तिची कापडी पिशवी आहे. कुणाबरोबर कचेरीत जायचं असलं की ती हीच घेऊन निघायची. आज मी ती पहिल्यांदा उघडली. आत दोन पेनं, स्टेपलर, डिंकाची बाटली, कोऱ्या कागदांची घडी, आणि तळाशी एका पाकिटात माझे तीन पासपोर्ट फोटो, बारावीचे, दोन वेण्या घातलेले. अजून कुठं चिकटवायला लागतील म्हणून तिनं ते जपून ठेवले असणार. फोटो मी पाकिटात परत घातले, डिंकाचं झाकण घट्ट केलं, आणि पिशवी सकाळी विसरू नये म्हणून चपलांशेजारी ठेवली.