चष्म्याशिवाय ओवलेली सुई

रफूमास्तरांचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली एक फट. आत एक खुर्ची, एक दिवा आणि मास्तर. गिऱ्हाइकाने फुटपाथवरच उभं राहायचं. चाळीस वर्षं मास्तरांनी एकच काम केलं. कोटाला पडलेलं भोक असं बुजवायचं की कोटाच्या मालकालाही ते पुन्हा सापडू नये. त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायचे आणि सुईने एकेक धागा खाली-वर विणत जायचं. एकाने तर ‘हा माझा कोटच नव्हे, माझ्या कोटाला भोक होतं’ म्हणून भांडण काढलं होतं. ही गोष्ट मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि मिशीतल्या मिशीत हसत. बायकोने ती इतक्यांदा ऐकली होती की हसायची जागा आली की ती उठून चहा ठेवायची.

सहा वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. रेडिएशन घेतलं, घरात सगळे त्याला ‘शेक’ म्हणत. कॅन्सर गेला, डॉक्टरांनी पाठ थोपटली, मास्तर सुटले. सुटले कसले! पाच वर्षांनी लघवीतून रक्त जायला लागलं. त्या शेकाने शेजारची लघवीची पिशवीही आतून भाजून निघाली होती आणि आता ती जागोजाग पाझरत होती. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय? गुठळी अडकली की नळी घालून धुवून काढायची, अंगातलं रक्त कमी झालं की बाटली चढवायची. दुकानात तर दर वीस मिनिटांनी अर्धवट कोट खुर्चीत टाकून समोरच्या छापखान्याकडे पळायचं. छापखानेवाला भला माणूस, पण शेवटी त्यानेही मोरीची किल्लीच मास्तरांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, “विचारत जाऊ नका, मलाच लाज वाटते.”

शेवटी मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सगळं सांगितलं. भाजलेल्या भागाला रक्त पुरवणाऱ्या बारीक नसा मेल्या आहेत. माणसाला हवेचा दाब वाढवलेल्या बंद खोलीत बसवून निव्वळ ऑक्सिजन दिला, तर कधीकधी तिथे नव्या नसा फुटतात. सगळ्यांच्या फुटतात असं नाही. “एकूण चाळीस सिटिंग. दुर्बीण शेवटी घालू, तोवर रोज लघवीचा रंग सांगायचा. तिसाव्यापर्यंत फरक नसेल तर थांबू, कारण मागे रांग आहे. मग ऑपरेशन. आतली पिशवी काढून टाकायची आणि पोटाला भोक ठेवून बाहेरून एक प्लास्टिकची लावायची. कायमची.”

जन्मभर भोकं बुजवलेल्या माणसाला हे ऐकवेना. घरी येताना ते बायकोला म्हणाले, “फाटलेलं शिवता येतं गं, जळलेलं नाही. कडेचे धागेच मेलेले असतात. सुई घातली की भुगा.”

“तुम्ही म्हणजे काय कोट आहात का?” बायको म्हणाली. “गुपचूप जायचं उद्यापासून.”

ती खोली म्हणजे एक लांबोडा लोखंडी डबा, गोल काचेच्या खिडक्यांचा. आत समोरासमोर सहा खुर्च्या. घड्याळ नाही, काडेपेटी नाही, अंगाला तेल नाही. सुती कपडे घालून बसायचं. दार बंद झालं की हवा गरम व्हायची आणि कानात दडे बसायचे. नाक दाबून, आवंढे गिळून ते सोडवायचे. मग दोन तास तोंडावर मास्क. वीस मिनिटं न थांबणाऱ्या माणसाने दोन तास काय करायचं? कोपऱ्यात एक पडदा आणि एक भांडं होतं. पहिल्या आठवड्यात मास्तर पडद्याआड गेले की बाकीचे पाच जण डोळे मिटून झोपेचं सोंग घेत. नंतर सोंग घेणंही बंद झालं.

वीस सिटिंग झाली. रंग तोच.

आणि पाचव्या आठवड्यात तो प्रकार झाला. मास्तर दुकानात बसले होते, चष्मा घरी राहिला होता. सवयीने सुई उचलली, धाग्याला थुंकी लावली आणि धागा पहिल्या झटक्यात आरपार! मास्तरांना वाटलं, अंधारातला बाण लागला. धागा काढून पुन्हा ओवला. पुन्हा आरपार. काळ्या कापडाची काळी वीण, जी दहा वर्षं भिंगाखाली शोधावी लागे, ती लख्ख दिसत होती. त्या दिवशी त्यांनी छापखानेवाल्याच्या टेबलावरचा कागद उचलून तळाची मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचून दाखवली.

घरी आल्यावर बायकोला म्हणाले, “औषध वरून खाली उतरतंय. डोळे झाले. आता आठ-दहा दिवसांत खालचंही होणार बघ.”

अडाणी नव्हते मास्तर. पण बुडत्याला काडी दिसली की तो तिची जाडी मोजत बसत नाही.

सत्ताविसाव्या सिटिंगला, तो डबा चालवणाऱ्या मशीनवाल्याने नेहमीसारखं विचारलं, “रंग?” मास्तर म्हणाले, “साफ.” खोटं बोललो असं त्यांना वाटलंच नाही; चार दिवस आधी बोललो, एवढंच वाटलं. मग अठ्ठाविसाव्यालाही साफ, तिसाव्यालाही साफ. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरीणबाईंनी खूश होऊन पुढची दहा लिहून दिली. रांगेतलं कुणीतरी दोन आठवडे बाहेरच राहिलं, हेही सांगायला हवं, कारण मास्तरांनी ते स्वतःला कधी सांगितलं नाही.

चौतिसाव्या दिवशी ते उशिरा पोचले. मशीनवाल्याने कारण विचारलं.

“बस चुकली. हल्ली पाट्या कशा लिहितात कोण जाणे, जवळ येईपर्यंत नंबर कळत नाही. चौथ्यांदा चुकली. आणि तुम्हाला सांगतो, माझी नजर तर पोराची झालीय! चष्म्याशिवाय सुई ओवतो मी.”

मशीनवाला दाराचं रबर पुसत होता. तो सहज म्हणाला, “होतं तसं. दाबातल्या ऑक्सिजनने डोळ्याच्या भिंगात फरक पडतो. जवळचं सुधारतं, लांबचं बिघडतं. दोन-तीन महिन्यांत जातं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

कुणीतरी सांगितलं असेलही. पहिल्या दिवशी सह्या करायच्या कागदांची एक थप्पी होती.

“म्हणजे त्याचा खालच्याशी संबंध नाही?”

“काहीच नाही. पण तुमचं खालचंही साफ आहेच की.” मशीनवाल्याने रंगाचा तक्ता उघडला. “साफच ना आज?”

मास्तरांनी मान डोलावली. त्या दिवशी पडद्याआड त्यांनी भांड्यात पाहिलं. जवळचं होतं, त्यामुळे अगदी स्वच्छ दिसलं. लालभडक.

घरी जाऊन ते बायकोला म्हणाले, “अगं, एक सांगायचंय. रंगाचं.”

“मला ठाऊक आहे,” बायको म्हणाली. “कपडे कोण धुतं या घरात?”

“मग बोलली का नाहीस?”

“सुई ओवून आलात त्या दिवशी किती महिन्यांनी पोटभर जेवलात तुम्ही. मी कशाला मोडता घालू?” ती दोरीवरचे कपडे काढू लागली. “मलाही वाटलं, असेल बाई. वरून खाली येत असेल.”

दुर्बिणीत जे दिसायचं तेच दिसलं. ऑपरेशन झालं, सहा तास चाललं. मास्तर घरी आले ते निम्मे होऊन. हात इतके थरथरत की चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागे. नजरही मशीनवाल्याने सांगितलेल्या मुदतीत जशी आली तशी निघून गेली. बसचे नंबर मात्र घराच्या खिडकीतून छान दिसू लागले. जायचं कुठेच नव्हतं.

पोटावरच्या पिशवीखाली एक चिकट चकती असते. तिला मधोमध नेमक्या मापाचं गोल भोक कापावं लागतं. कमी झालं तर टोचतं, जास्त झालं तर गळतं. पहिल्या दिवशी मास्तरांनी चष्मा लावून कात्री हातात घेतली. दोन चकत्या वाया गेल्या. तिसरी बायकोने काढून घेतली. तिने आयुष्यात कधी सरळ टाका घातला नव्हता. घरातली बटणंही मास्तरच लावत. जीभ दाताखाली धरून ती कापत राहिली.

“गोल आलं का?” मास्तरांनी विचारलं.

“आलं की.”

त्यांनी चकती हातात घेतली आणि कडेवरून बोट फिरवलं. डोळे गेले, हात गेला, पण त्या बोटाला अजून सगळं कळत होतं. एका बाजूला खाच होती, दुसऱ्या बाजूला कात्री भलतीकडेच गेली होती. रात्रीपर्यंत गळणार.

“मस्त आलंय,” मास्तर म्हणाले, आणि सदरा वर करून आडवे झाले.