पोट असलेलं रेलिंग

मनोऱ्याचं रेलिंग मी करणार नाही, तुमचं ड्रॉइंग घेऊन जा, एवढं सांगून रामदासभाऊंनी फोन ठेवला. उद्घाटनाला तीन आठवडे उरले होते. मी डबा तसाच बंद केला आणि स्कूटी काढली.

तेव्हा मी बुऱ्हाणपुरातल्या एका लहानशा फर्ममध्ये सिव्हिल इंजिनिअर होते. डोईफोडियाच्या पुढे जंगलात एक पाणवठा आहे. तिथे जनावरं बघायला मनोरा बांधायचं काम आमच्याकडे आलं होतं. नवीन सरकारी बांधकाम विकलांगांनाही वापरता आलं पाहिजे, हा नियम त्या काळात नुकताच कडक झाला होता. फाइलवर शब्द विकलांग हाच होता, दिव्यांग नंतर आला.

अशा कामात पहिली अडचण रॅम्पची. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी लागते. आमचा मनोरा अठरा फुटांचा. म्हणजे दोनशे फुटांच्या वर रॅम्प, तोही जंगलात. मी आठवडाभर कागदावर गोल गोल रॅम्प काढले आणि फाडले. शेवटी मनोराच सरकवला. शेजारच्या टेकडीवर जंगल खात्याची जीप जायची. मनोरा त्या टेकडीला लागून घेतला आणि टेकडीवरून वरच्या मजल्यावर सपाट पूल टाकला. चढ उरलाच नाही. साहेबांनी ऑफिसात सगळ्यांसमोर शाबासकी दिली. आठ-दहा दिवस मी हवेत होते.

रेलिंगचं काम रामदासभाऊंना दिलं होतं. त्यांचं वर्कशॉप निंबोला रोडवर. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, कूलरचे स्टँड, शिवाय पॉवरलूमचे तुटलेले भाग जोडून देणं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे दोन्ही पाय गेलेले. वर्कशॉपमध्ये ते स्वतः बनवलेल्या चाकाच्या खुर्चीवर फिरायचे. वेल्डिंग असं करायचे की जोड बोटाला लागत नसे. काम त्यांना दिलं होतं ते या हातासाठी. त्यांना खुर्ची आहे म्हणून मनोऱ्याबद्दल काही विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा त्यांनी शटरसमोर पत्र्याचा एक तुकडा उभा केला होता. माझ्या ड्रॉइंगप्रमाणे बरोबर चार फूट उंच, खालून वरपर्यंत बंद. पोरं चढू नयेत आणि जनावरांना माणसांची हालचाल दिसू नये म्हणून मी बंद पत्रा घेतला होता. मी हे त्यांना समजावून सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं. मग हातांवर जोर देऊन बाकावर सरकले आणि मोकळी झालेली खुर्ची माझ्याकडे ढकलली.

"बसा मॅडम."

मी बसले. त्यांनी खूण केली तशी चाकं ढकलत पत्र्यासमोर गेले.

"आता मले सांगा, रस्त्यावर काय चाललंय?"

ट्रकचा आवाज येत होता. केळीचा असावा. दिसत होता तो फक्त लाल प्रायमर मारलेला पत्रा.

"एवढा पूल टाकून आमच्यासारख्याले वर नेता," ते म्हणाले, "अन् वर नेऊन भिंतीसमोर बसवता. हे माझ्या हातून नाही होणार."

आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी खुर्चीतून उठलेच नाही. तिथूनच साहेबांना फोन लावला. ते हिंदीत म्हणाले, ड्रॉइंग मंजूर झालंय, तारीख ठरलीय, आता बदल नको. मी म्हटलं, सर, एकदा येऊन बघा. ते उद्या येतो म्हणाले.

हातात एक दिवस होता. पत्रा काढून उभे गज लावले तर? उभ्या गजांवर पोरं चढत नाहीत. भाऊंनी लगेच चार गज टेकवून दाखवले. पण खुर्चीचं पायदान गजांना अडलं. डोळे कडेपासून दोन फूट मागे राहिले. समोरचं झाड दिसेल, खालचं पाणी नाही. आणि जनावरं तर पाण्यावर येतात.

भाऊंची नजर समोरच्या घराच्या खिडकीवर गेली. आमच्याकडे कूलर बसावा म्हणून खिडकीची जाळी बाहेर काढतात. पोट सुटल्यासारखी.

"पोट काढू," भाऊ म्हणाले.

मी वहीत काढलं. गज गुडघ्याच्या उंचीवर बाहेर फुगवायचे, तळाशी जाळीची पट्टी, म्हणजे पाय पोटात जातील आणि माणूस थेट कडेला येईल. दोन गजांमध्ये चार इंचांपेक्षा कमी अंतर, लहान मुलाचं डोकं जाऊ नये म्हणून. वरचा पाइप नेमका डोळ्यांसमोर येत होता, तो चार इंच वर घेतला. गजांना मातीचा रंग द्यायचं ठरलं, जनावरांना ते झाडोऱ्यात खपून जावेत. संध्याकाळपर्यंत भाऊंनी पाच फुटांचा नमुना जोडला. सकाळी मी त्याला साखळी-पुली लावून बाहेरच्या बाजूला ओढून बघितलं. माणसं रेलली तर जेवढा जोर येईल त्याच्या दुप्पट. गज हलला नाही.

साहेब आले. नमुन्याभोवती फिरले, हाताने हलवला, लाथ मारली. मग कोणी न सांगता खुर्चीत बसले आणि बूट पोटात सरकवले. बराच वेळ रस्ता बघत राहिले.

"तारीख नहीं बदलेगी," ते म्हणाले. "कर पाओगे?"

"हो जाएगा साहेब," भाऊ म्हणाले. "आप बस मॅडम के ड्रॉइंग पे साइन कर दो."

अठरा दिवसांत रेलिंग तयार झालं. तुकडे टेम्पोने जंगलात गेले आणि जागेवर बोल्टने बसवले. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मी भाऊंना फायनल चेकिंगला बोलावलं. खरं कारण वेगळं होतं, ते त्यांनाही कळलं असावं.

पुलावरून ते एकटे आले, मी मागे होते. वर पोचल्यावर त्यांनी खाली बघितलंच नाही. पाना काढला आणि एकेक बोल्ट तपासत पूर्ण फेरी मारली. दोन बोल्ट सैल निघाले, तर माझ्याकडे रागाने बघितलं. ते आवळून झाल्यावर खुर्ची पोटात सरकवली.

ऊन उतरत होतं. थोड्या वेळाने पलीकडच्या सागातून रोही आले, म्हणजे नीलगायी. आधी एक मादी, मग दोन पिल्लं, मागून काळसर निळा नर. चौघं पाण्याशी वाकले. भाऊंनी दोन्ही हातांनी गज धरले होते. त्यांचे खांदे हलताना दिसले म्हणून मी घाबरून पुढे गेले. ते आवाज न करता हसत होते.

"पन्नाशी आली माझी," ते कुजबुजले. "डोईफोडिया माझ्या मामाचं गाव. रोही रोही ऐकत होतो. एवढं मोठं असते मले काय मालूम."

अंधार पडायला लागला तरी ते निघेनात. गार्डने दोनदा हाक मारली.

दुसऱ्या दिवशी भाषणं झाली. शाळेची मुलं वर आली आणि धावत जाऊन पोटांपाशी खाली बसली, पाय पोटात सोडले, नाकं गजांना लावली. मोठी माणसं मागे उभी. सगळ्यात चांगली जागा खालची निघाली. साहेबांनी पाहुण्यांना हे डिझाइन आमच्या फर्मचं आहे असं सांगितलं. मी लगेच मध्ये बोलून रामदासभाऊंचं नाव घेतलं. साहेबांना ते फारसं आवडलं नाही, पण भाऊंना स्टेजवर बोलावलं गेलं. तिथे चढायला तीन पायऱ्या होत्या. मग साहेबच हार घेऊन खाली उतरले.

इंजिनिअर लोक ड्रॉइंगमध्ये उंचीचा अंदाज यावा म्हणून एक माणूस काढतात. तो नेहमी उभा असतो. मी आता आधी बसलेला काढते. वेळ तेवढाच लागतो.