मध्यरात्र आणि नागपंचमीची दिंडे

श्रीगजाननास आणि ज्यांच्या कृपेने चार अक्षरे पदरी पडली त्या गुरुजनांस नमस्कार करून, माझ्या संगणकविद्येचे गर्वहरण कसे झाले ते सांगतो.

संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर भोरला घरी बसून मी तिथिशोधाची वेबसाईट रचली. घरातले माणूस गेल्याची तारीख आणि वेळ यजमानांनी भरायची. तिथी काढून यंदाचे श्राद्ध कोणत्या दिवशी, ते यंत्राने सांगायचे. शास्त्र मरणसमयीची तिथी मानते, म्हणून आज्ञावली मिनिटापर्यंत काटेकोर लिहिली. वर ‘शास्त्रशुद्ध आणि अचूक’ ही ओळ ठळक अक्षरांत घातली. तेवढी एक ओळ लिहिताना मला कोठेही अडखळावे लागले नाही.

श्रावण तोंडावर आला असता कामथडीच्या एक शेतकरी बाई आल्या.

“गुरुजी, सासूबाईंचं वर्षश्राद्ध हाय. धाकटं दीर कंपनीत. त्यांनी मोबाईलवर तुमचं बघितलं आन् नागपंचमीच्या आदल्या दिवसाची सुट्टी टाकत्यात. सासूबाई गेल्या तवा त्यांना यायला उशीर झाला, तोंड बी दिसलं न्हाई. आता ह्यो दिवस तरी चुकाया नको.”

मी संगणकावर दिरांनी भरलेली नोंद उघडली. श्रावण शुद्ध चतुर्थी. “मग बरोबर आहे,” मी म्हणालो.

“कसं बरोबर? सासूबाई नागपंचमीला गेल्या. चुलीवर तवा नव्हता, मी दिंडं उकडत व्हते.”

सणाची तिथी निराळी, मरणसमयीची निराळी, असे मी समजावू लागलो. बाई आदराने ऐकत होत्या. त्यामुळे मला अधिकच चेव चढला. तोच स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, त्यांना शिकवणं पुरे झालं. तुमच्या यंत्राचं काय बिनसलंय ते बघा.”

पाहिले. दिरांनी वेळेचा रकाना रिकामा सोडला होता. रिकामी जागा दिसली की माझी आज्ञावली तेथे मध्यरात्र भरून मोकळी होई. आणि त्या मध्यरात्री खरोखरच चतुर्थी होती. पंचमी लागली पहाटे. गणित निर्दोष होते. फक्त त्या माउलीला मी अर्धा दिवस आधीच वैकुंठाला धाडले होते. न्यायशास्त्रात अभाव हा स्वतंत्र पदार्थ आहे, हे मी आयुष्यभर शिकवले, आणि स्वतः लिहिताना अभावाच्या जागी शून्य मांडून बसलो.

तेथेच बसून आज्ञावली दुरुस्त केली. आता वेळ नसेल तर ती तर्क करीत नाही. सकाळ, दुपार की रात्र, असे विचारते. मी बाईंना विचारले.

“दुपारच्याला. पहिलं दिंड वाफंवरनं काढलं आन् हाक आली.”

दुपार भरली; पंचमी उमटली. बाईंनी तेथूनच फोन लावला. “भावजी, सुट्टी बदला. व्हय, वेबसाईट बी आता नागपंचमीच म्हनतीया. गुरुजींनी सुधारली.”

‘सुधारली’ या शब्दावर स्वयंपाकघरात एक भांडे जरा जोरातच वाजले.

‘अचूक’ ही ओळ मी त्याच बैठकीत पुसली. ज्या ज्या घरांनी वेळ रिकामी ठेवली होती, त्यांना फोन करून क्षमा मागण्यात पुढचे काही दिवस गेले. बाईंनी श्राद्धाला बोलावले होते म्हणून नागपंचमीला कापूरहोळवरून कामथडीस पोचलो, तेव्हा धाकटे दीर माझ्याआधीच येऊन, स्नान करून पाटावर बसले होते. चुलीवर तवा नव्हता.

वाचकहो, देव आपणास आणि आपल्या घरच्या सर्वांना सुखात ठेवो. पितरांचे पान योग्य दिवशी वाढले जावो, आणि दूरचे लेकरू त्याआधी दारात पोचो.