जाड सळया मागं राहिल्या

आमच्या जळकोटात गुरुसिद्धप्पा काचेचे मणी करायचे. फुटक्या बांगड्यांची काच भट्टीत मऊ करायची, माती-राखेचा लेप दिलेल्या सळईवर ती गुंडाळायची, फिरवत फिरवत गोल करायची आणि निवली की मणी सरकवून काढायचा. बायको पार्वतम्मा भाता ओढायची. मूलबाळ नव्हतं. दिवसभर दोघं एकमेकांसमोर बसून असायची, बोलायची मात्र कमी.

खरं काम सळई निवडण्याचं. सळई जेवढी जाड, तेवढं मण्याचं भोक. मंगळसूत्राच्या काळ्या मण्याला सायकलच्या चाकाची तार लागे, बाळाच्या दृष्टमण्याला छत्रीची काडी. बैलांच्या निळ्या मण्यांतून सुती दोर जायचा, म्हणून त्यांना करंगळीएवढी लोखंडी सळई. भोक ढिलं पडलं तर मणी एकमेकांवर आपटून फुटतात आणि घट्ट झालं तर ओवलेच जात नाहीत. गिऱ्हाइकानं आणलेला दोरा गुरुसिद्धप्पा बोटांत चोळून बघायचे, मगच सळईला हात घालायचे.

जर्मनीच्या लढाईच्या सालांत परदेशी मणी यायचे बंद झाले, तेव्हा तुळजापूरचे दुकानदार काळ्या मण्यांसाठी त्यांच्या दारात येऊन बसायचे. त्या दिवसांत बारीक तारांवर त्यांचा जीव जडला.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात निजामाच्या रझाकारांच्या धास्तीनं माणसं गावं सोडू लागली. एका सकाळी पलीकडच्या वस्तीवरून धूर दिसला. शेजारचा शांतलिंग गाडी जुंपून दारात आला.

"अप्पा, चला. सरहद्दीपल्याड सोलापूरला जायाचं. गाडीत लेकरं हायती, वझं लई घेऊ नका."

पिठाचं गाठोडं झालं, भाता गाडीखाली बांधला. सळयांना जागा थोडीच उरली.

"जाड सळया घ्या," पार्वतम्मा म्हणाली. "समदी गुरंढोरं घेऊन पळायलीत. बैलांचे मणी खपतील."

"सोलापूर शहर हाय ते. तिथं लग्नं व्हतात. बारीक तारा हलक्या बी हायती, त्याच घेऊ."

तिनं तारांची जुडी गाठोड्यात खोचली. जाड सळया भिंतीला टेकवून दोघं निघाली.

सोलापूरजवळ निर्वासितांच्या छावणीत खड्डा खणून त्यांनी भट्टी पेटवली. आठवडाभर खपून केलेले काळे मणी घेऊन गुरुसिद्धप्पा बाजारात गेले. जर्मनीची लढाई केव्हाच संपली होती, यंत्रावरचे परदेशी मणी पुन्हा आले होते. एकसारखे, गुळगुळीत. दुकानदारानं यांचे मणी तळव्यावर फिरवून परत दिले. "मामा, खेड्यात चालंल हे. इथं न्हाय."

इकडं पोळा जवळ आला होता. घरं सोडून आलेले शेतकरी म्हणत, "अप्पा, आमचं काय व्हायचं ते व्हवू द्या. जनावराच्या गळ्यात दोन मणी तरी घाला." त्याबदली ते जवारी द्यायला तयार होते. गुरुसिद्धप्पा लोहाराकडं गेले. परवान्याशिवाय लोखंड मिळत नव्हतं. मग बारीक तारांची जुडी बांधून त्यांनी वरून मातीचा जाड लेप दिला. जाळात तारा वाकल्या, लेप उकलला. निवता निवता मणी तडकले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

पार्वतम्माला हगवण लागली होती. छावणीत हगवण झोपडीझोपडीत होती, म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही. तिनं भाता सोडला नाही. एका दुपारी काच घट्ट व्हायला लागली तसं मान वर न करताच ते म्हणाले, "ओढ की." भाता हलला नाही. ती भात्यावर कलंडली होती. संध्याकाळी गेली.

विधीला लिंगायतांचा जंगम मिळाला, पण माती परकी होती. कुणाच्या तरी शेताच्या कडेला तिला समाधी दिली.

पुढं निजामाचं राज्य गेलं, माणसं गावाकडं परतली. वाटेत शांतलिंग म्हणाला, "अप्पा, बैलांचे मणी केले असते तरी तिची हगवण थांबली असती का?"

"जवारी मिळाली असती," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "तिच्या पोटात पेज गेली असती. ती सांगत व्हती, म्या ऐकलं न्हाय."

शांतलिंगानं बैल हाकले.

जळकोटातलं घर जळालं होतं. गुरुसिद्धप्पा आत गेलेच नाहीत. तुळजापुरात एका धर्मशाळेत यात्रेकरूंसाठी पाणी भरत राहिले. कोणी ओळखून मणी मागितला तर म्हणायचे, "भाता ओढणारी न्हाय." भात्याला माणूस देतो म्हटलं की घागर उचलून आडाकडं चालू लागायचे.

ते वारले तेव्हा त्यांना पार्वतम्माशेजारी ठेवावं म्हणून शांतलिंग जुन्या सरहद्दीपलीकडं तिच्या समाधीची जागा बघायला गेला. छावणीचं नावनिशाण नव्हतं. सगळा माळ नांगरून कुणीतरी जवारी पेरली होती. कंबरेएवढ्या पिकात तो बांधाबांधानं हिंडला. जागा सापडली नाही.