मी तपासलेला रोबो

आळे गावात आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. ओतूरच्या कॉलेजात बी.कॉम. केलं, आणि ती सगळी वर्षं मला शिकवलं ते थोरल्या भावाने, पुण्यातल्या एका साहेबांची गाडी चालवून. तो सातवी नापास. पण हाताला गुण असा, की पंप असो नाहीतर रेडिओ, बंद पडला की गल्ली त्याची वाट बघायची.

त्या साहेबांना परदेशी खेळणी जमवायचा नाद होता. ट्रकचा माणूस होतो, विमानाचा माणूस होतो, असले रोबो. काचेच्या कपाटात रांगेने उभे. त्यातला एक, पिवळ्या ट्रकचा, अचानक नाहीसा झाला. आणि नेमका त्या दिवाळीला भावाने सहा वर्षांच्या पोरीसाठी पुण्याच्या फुटपाथवरून तसलाच रोबो घेतलेला. साहेबांना त्यानेच मोठ्या कौतुकाने सांगितलंही होतं, तुमच्यासारखाच पोरीला घेतला म्हणून.

साहेबांनी त्याला घरी पाठवून दिलं आणि मला फोन करायला सांगितलं. आळेफाट्यावरच्या एसटीडी बूथमधून मी फोन लावला. पोलिसात जायची इच्छा नाही, असं ते म्हणाले. "तुम्ही शिकलेले आहात. तुम्हीच तपासा. तुम्ही सांगाल ते मी मान्य करीन." एवढ्या मोठ्या माणसाने अहो-जाहो करून माझं मत विचारायची ती पहिलीच वेळ. अस्सल कसा ओळखायचा ते त्यांनी सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलं. तळपायावर शिक्का आणि देशाचं नाव. छातीत धातू, म्हणून हाताला जड. सांधे घट्ट. नकली असेल तर नुसतं पोकळ प्लास्टिक.

आईला ही तपासणी पटली नाही. रविवारी खंडोबाच्या देवळात भावाने बेलभंडार उचलावा, असं तिचं म्हणणं. आमच्याकडे देवापुढे बेलभंडार उचलून शपथ घेतली, की त्या माणसाला परत कुणी विचारत नाही. साऱ्या गावासाठी गोष्ट तिथेच मिटते. भाऊ लगेच तयार झाला. मीच नको म्हणालो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, वस्तू समोर आहे तर वस्तू बघू, असं मी चारचौघांत ऐकवलं. शिकलेल्या माणसासारखं बोललो असं तेव्हा मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसलो. गल्लीतली पाच-सात माणसं जमली. पोरीच्या हातातून रोबो घेतला. तळपायावर शिक्का होता, देशाचं नाव होतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्याचा ट्रक करायला गेलो तर पाय वळेना. पोरीने जवळ येऊन आधी हात मागे दुमडायचे ते दाखवलं आणि एका झटक्यात ट्रक करून दिला. मी वहीत लिहिलं, सांधे घट्ट. मग शेजारच्या किराणा दुकानातून तराजू मागवला. वजनं टाकत गेलो तसा रोबोचं पारडं काही उठेना.

"अरं, त्यात मी..." भाऊ बोलायला लागला.

"भाऊ, मधी बोलू नको. मी बघतोय ना."

तो थांबला. मी वही मिटली आणि अस्सल आहे म्हणून सांगितलं. भाऊ उठून गोठ्याकडे गेला, वैनी पोरीला घेऊन आत गेली. मी तसाच फाट्यावर जाऊन साहेबांना कळवलं, तुमचाच आहे.

आठ दिवसांनी रोबो पिशवीत घालून एसटीने पुण्याला गेलो. त्या आठ दिवसांत फाट्यापर्यंत बोलणं पोचलं होतं. "चोरायचा तर खरा ट्रक चोरायचा, राव," असं चहाच्या टपरीवर भावाच्या तोंडावर म्हणून झालं होतं.

साहेबांनी फाटकातच रोबो हातात घेतला, एकदा उलटा केला आणि परत दिला. हा आमचा नाही, नक्कल आहे, म्हणाले. मी शिक्का दाखवला. नक्कल करणारे शिक्क्याचीही करतात, असं उत्तर आलं. छापलेलंही खोटं असतं, हे मला कुठल्याच वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. वजनाचं म्हणालो तर त्यांनी खिशातल्या छोट्या चाकूने पाठीचे स्क्रू काढले. आतून कागदात गुंडाळलेल्या शिशाच्या गोळ्या निघाल्या. येडगावच्या धरणावर मासे धरणारे जाळ्याला बांधतात, त्या. रोबो हलका, पोरीच्या हातून सारखा पडायचा. तो उभा राहावा म्हणून भावाने त्या भरल्या होत्या.

त्यांचा रोबो त्यांच्या भाच्याकडे होता. चार दिवसांपूर्वीच परत आला, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. मग भावाला कामावर घ्या, असं मी म्हणालो. "अहो, सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर मी दुसरा ड्रायव्हर ठेवला," ते म्हणाले, आणि फाटक लावून घेतलं.

मी गावात सगळ्यांना सांगितलं. ऐकून घेत, मान हलवत. एक म्हातारा म्हणाला, "तुमी घरातलं, असं बोलणारच की. तवा बेलभंडार उचलू द्यायचा व्हता." भावाला सांगितलं तेव्हा तो काकडीच्या वेलांना तारा बांधत होता. हात न थांबवता म्हणाला, "ते मला ठावं व्हतं."

पुढे तो नाशिककडे टँकरवर गेला. वर्षातून दोनदा येतो. आल्यावर आधी घरात पाऊल टाकत नाही. ओट्यावर बसून पिशवी उघडतो आणि एकेक वस्तू बाहेर मांडतो. साबण, टॉवेल, पोरीची चप्पल, आईचं औषध. कुठून घेतलं ते प्रत्येकाचं सांगतो, बिलं काढून एकावर एक ठेवतो. फरसाणाच्या पुडीचंसुद्धा बिल असतं. पहिल्यांदा त्याने असं केलं तेव्हा मी म्हणालो, भाऊ, राहू दे हे.

त्याने बिलं माझ्याकडे सरकवली. आवाजात राग नव्हता.

"बघून घे," म्हणाला. "मग आत जातो."