भोंगामावशींच्या वहीतला रिकामा रकाना

लाकडी धक्क्यावर फिरायला येणारे लोक भोंगामावशींना क्वचितच पाहतात. ऐकतात मात्र सगळेच. आकाशपाळणा, घोड्यांची चक्री, गाण्यांचा मंच आणि तळलेल्या माशांपासून आइस्क्रीमपर्यंतची दुकाने ज्या फळ्यांवर उभी आहेत, त्यांच्या मधोमध निळ्या पत्र्याची एक खोली आहे. आत दोन खुर्च्या, एक ध्वनिक्षेपक आणि लहान मुलांच्या मापाचा एक बाक. गेली तेवीस वर्षे धक्क्यावर हरवलेली मुले या बाकावर बसत आली आणि मावशी त्यांच्या घरच्यांना हाका मारत आल्या.

महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. खोलीच्या दारावर पितळी पाटी लावण्याचे धक्क्याच्या समितीने ठरवले आणि मजकुराची शहानिशा माझ्याकडे सोपवली. मावशींना समारंभ नको होता, भाषणे तर नकोच होती. त्यांना एकच वाक्य हवे होते: ‘इथे आलेले प्रत्येक मूल आपल्या माणसांकडे परत गेले.’

‘प्रत्येक’ हा शब्द पुराव्यावाचून पितळेवर कोरायला माझी तयारी नव्हती. तसे मी सांगितले.

“मग तपासा की!” मावशींनी सहा जाड वह्या टेबलावर आदळल्या. “धूळ मात्र तुमची तुम्ही झटका, संशोधकबाई.”

वह्यांतून त्यांची कामाची रीत उलगडत गेली. मुलाचे नाव त्या कधीच जाहीर करत नसत. नाव ऐकून कोणीही ऐरागैरा ‘माझंच आहे’ म्हणत येईल. त्या सांगत फक्त चपला. “कपड्यांचा रंग आईबाप विसरतात,” त्या म्हणाल्या, “पण चपला घालताना झालेलं भांडण कोण विसरेल?” शिवाय घाबरलेले मूल वाऱ्याकडे पाठ करून चालत सुटते, असा त्यांचा सिद्धांत होता आणि पहारेकऱ्याला त्या आधी त्याच बाजूला पिटाळत. वाऱ्याची दिशा लिहिलेल्या नोंदी मी मोजल्या. दोन-तृतीयांश वेळा त्या बरोबर होत्या.

“आणि बाकीची?” मी विचारले.

“ती आइस्क्रीमकडे गेली.”

तेवढ्यात एक रडका पाहुणा आला. मावशींनी कळ दाबली, चक्रीवरचे गाणे थांबले. “एक जोडपं हरवलं आहे. त्यांचा मुलगा इथे वाट बघतोय. एका पायात हिरवी चप्पल, दुसरी समुद्रात. जोडप्यानं घाबरू नये, निळ्या खोलीकडे यावं.” रडणारा मुलगा फिस्सकन हसला. जोडपे चार मिनिटांत हजर झाले.

एकूण नोंदी एक हजार चारशे बारा. एक हजार चारशे अकरा नोंदींपुढे मूल घेऊन जाणाऱ्याची सही होती. चौथ्या वहीतल्या एकीपुढे नव्हती. ‘मुलगी, वय पाच, लाल बूट, एकाची नाडी सुटलेली.’ ‘कोणाच्या ताब्यात’ या रकान्यात मावशींच्याच अक्षरात ‘स्वतः’. सहीचा रकाना रिकामा. कोपऱ्यात निळ्या शाईचा डाग तेवढा.

पाच वर्षांची मुलगी स्वतःच्या ताब्यात? मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचले, पुन्हा पुसला.

“आठवत नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “काही केल्या आठवत नाही.” मग वही मिटून माझ्याकडे सरकवली. “ते वाक्य काढून टाका.”

त्या दुपारी त्यांनी पाच घोषणा केल्या आणि एकाही जोडप्याची थट्टा केली नाही. पाचव्या घोषणेनंतर त्यांचे धाकटे दीर दारात उभे राहिले. घोड्यांची चक्री तेच चालवतात.

“वहिनी, घसा बसलाय का? चक्रीवरची माणसं विचारतायत, आज ती मजेशीर बाई सुट्टीवर आहे का म्हणून.”

“भावोजी, तुम्ही आपले घोडे सांभाळा.”

मी त्यांना अडचण सांगितली. त्यांनी शांतपणे विचारले, “तारीख?”

त्यांच्याकडेही वह्या होत्या! मावशींच्या प्रत्येक घोषणेला चक्रीचे गाणे बंद पडते आणि गिऱ्हाइके कुरकुरतात. म्हणून कधीतरी समितीकडे तक्रार करायची, या इराद्याने ते प्रत्येक व्यत्यय शब्दशः उतरवून ठेवत आले होते. तक्रार काही त्यांनी केली नव्हती. साक्षीदार नात्यातला असल्याने मी साशंक होते; पण तो इतका कावलेला होता की वहिनींच्या बाजूने पदरचे घालण्याची शक्यता शून्य.

नोंद मिळाली: ‘चार वीस. गाणे बंद. “एक आजोबा हरवले आहेत. उंच, डोक्यावर मोठी गोल टोपी, हातात दोन आइस्क्रीम. बूट कोणते, ते नात बघायला विसरली. नात इथे बसली आहे. ती हरवलेली नाही, असं तिचं म्हणणं आहे.” चार पस्तीस. गाणे पुन्हा बंद. “आजोबा सापडले.” ऐन रंगात आलेले गाणे दोनदा वाया.’

मावशींनी कपाळावर हात मारला. “अगं बाई, ती होय! कमरेवर हात ठेवून दारात उभी. ‘माझे आजोबा हरवलेत, लिहून घ्या.’ आता वहीत मोठ्या माणसांना रकाना कुठाय? मी आपलं तिचंच वर्णन लिहिलं. आणि जाताना हटूनच बसली की आजोबांना मी नेतेय, तर सही पण मीच करणार.”

“सही कुठे आहे?” मी विचारले.

“केली होती बाई तिनं काहीतरी!”

मी भिंग काढले. निळा डाग म्हणजे एक वाटोळे पोट, दोन काड्यांचे पाय, आणि डोक्यावर अंगापेक्षा मोठी गोल टोपी. दोन स्वतंत्र पुरावे जुळले. याहून भक्कम काही मी अजून कोणत्याही दप्तरात पाहिलेले नाही.

“वाक्य राहील,” मी म्हणाले.

“राहील काय, वाढेल,” मावशी म्हणाल्या. “आजोबांना का वगळायचं?”

वाया गेलेल्या गाण्यांची संख्याही पाटीवर यावी, ही दिरांची सूचना सप्रमाण असूनही समितीने फेटाळली. पाटीवर आज दोन ओळी आहेत: ‘इथे आलेले प्रत्येक मूल आपल्या माणसांकडे परत गेले. एक आजोबाही.’